शरीरातच तयार होणारे स्निग्ध रेणू कोकेनची ओढ कमी करतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आपल्या शरीरातच तयार होणारे काही स्निग्ध पदार्थ उंदरांना टोचले तर त्यांची कोकेनची ओढ कमी होते असं तुम्ही वाचलंत, ते खरं का? आणि खरं असेल तर किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये कामाला असलेल्या, कोकेन घेणाऱ्या तुमच्या धाकट्या भावाला ऑलिव्ह तेल किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या 'पीईए' या अशाच एका रेणूच्या कॅप्सुली सुरू कराव्यात का?

पहिल्याचं उत्तर: हो, काही प्रयोगांत. दुसऱ्याचं: नाही. पण या दोन उत्तरांच्या मधे बरंच काही आहे, आणि तुम्ही पेडण्याहून एवढं मनापासून विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी फोंड्याची. फार्मसीच्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवते. एम. फार्म.ला असताना दोन वर्षं पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांशेजारी काढली. कोकेनवर मी स्वतः काम केलेलं नाही, तेव्हा हे इतरांच्या कामाचं वाचन आहे, फक्त उंदरांची ओळख असलेल्या बाईनं केलेलं.

आधी कोकेनचं बघू. मेंदूतल्या काही पेशी डोपामाइन हे निरोप नेणारं रसायन सोडतात आणि काम झालं की तेच परत ओढून घेतात. कोकेन ही परत ओढायची वाट बुजवतं. डोपामाइन बाहेरच साचतं, विशेषतः न्यूक्लिअस अक्युम्बन्स या भागात. इथवर पाठ्यपुस्तक. पण व्यसन चिवट होतं ते या झटक्यामुळे कमी आणि त्याच्या अवतीभवती मेंदू जे शिकून ठेवतो त्यामुळे जास्त. सकाळी रस्त्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो तेव्हा पाव दिसलेलाही नसतो, तरी पोटात कालवाकालव सुरू होते. आमचं मांजरसुद्धा फाटकाशी जाऊन बसतं, आणि त्याला पाव आवडतच नाही, पावाबरोबर मिळणारं दूध हवं असतं. तसंच कोकेन घेणाऱ्याच्या बाबतीत ती गल्ली, तो मित्र, ते ठरावीक संगीत, पगाराचा दिवस हे सगळे भोंपू होऊन बसतात. सहा महिने सुटलेला माणूस एका रात्रीत परत का जातो, त्याचं बरंचसं उत्तर या भोंपूंत आहे.

आता स्निग्ध रेणू. यात दोन घराणी आहेत आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. पहिलं घराणं गांजाशी नातं सांगणारं. गांजातला मुख्य घटक मेंदूत ज्या ग्राहीला, म्हणजे कुलपाला, लागतो ते सीबी-१ कुलूप १९९० साली ओळखलं गेलं. मग साहजिक प्रश्न आला की हे कुलूप आपल्यात काही गांजाची वाट बघत बसलेलं नसणार, घरची किल्ली कुठली? १९९२ मध्ये जेरुसलेममधल्या राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ती सापडली आणि संस्कृत 'आनंद'वरून तिचं नाव ठेवलं आनंदामाइड. (वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.) १९९५ मध्ये दुसरी किल्ली मिळाली, २-एजी. हे रेणू आधी बनवून साठवलेले नसतात. पेशीच्या आवरणातल्या चरबीतूनच गरज पडेल तेव्हा बनतात, आणि निरोप उलट्या दिशेनं नेतात: ज्या पेशीला संदेश मिळाला तीच पाठवणाऱ्या पेशीला सांगते की 'आता पुरे, जरा हळू'. काम झालं की विकरं, म्हणजे एन्झाइम, त्यांचे तुकडे करतात. आनंदामाइडचे तुकडे मुख्यतः फाह नावाचं विकर करतं.

दुसरं घराणं त्यांचे चुलते म्हणा. ओईए, म्हणजे ओलिओइलइथॅनोलामाइड, आणि तुमचं पीईए, म्हणजे पामिटोइलइथॅनोलामाइड. बनण्याची रीत तीच, तोडणारं विकरही बरंचसं तेच, पण हे सीबी-१ला लागत नाहीत. त्यांचं ठरलेलं कुलूप पेशीच्या केंद्रकात असतं, पीपीएआर-आल्फा. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या लोकांना डॉक्टर फेनोफायब्रेट देतात ना, ते याच कुलपाला लागतं. पीईए तर १९५० च्या दशकातच अंड्याच्या बलकात आणि शेंगदाण्याच्या पेंडीत सापडलं होतं. ओईएची ख्याती वेगळी: स्निग्ध जेवण झालं की लहान आतड्यात ते वाढतं आणि भूक आवरतं. २००१ मध्ये उंदरांवर हे दाखवणाऱ्यांपैकी एक फर्नांदो रोद्रिगेस दे फोन्सेका. पुढे स्पेनमधल्या मालागाच्या त्यांच्या गटानंच विचारलं की जेवणाची ओढ आवरणारा रेणू कोकेनची ओढ आवरील का?

२०१३ मध्ये त्यांचं उत्तर छापून आलं. लहान उंदरांना, म्हणजे माईसना, किलोमागे १, ५ किंवा २० मिलिग्रॅम ओईए पोटात टोचलं. कोकेन दिल्यावर उंदीर पिंजऱ्यात सैरावैरा धावतात, ती धावपळ ओईएनं कमी झाली. रोज कोकेन देत गेलं की धावपळ दिवसेंदिवस वाढत जाते, म्हणजे उंदीर 'तापत' जातो, तेही कमी झालं. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा इथूनच निघाली असावी.

इथे मला माझा उंदीर आठवतो. एम. फार्म.ला मी एका वनस्पतीच्या अर्कावर काम करत होते. ॲक्टोफोटोमीटर नावाची पेटी असते. आत प्रकाशाचे किरण, उंदीर हलला की किरण तुटतो आणि आकडा एकानं वाढतो. माझा अर्क दिलेल्या उंदरांचे आकडे निम्म्यावर आले. मी हर्षभरित होऊन वही सरांपुढे ठेवली. सरांनी पानही न उलटता विचारलं, "झोपला नाही ना?" मग त्यांनी उंदराला फिरत्या दांड्यावर ठेवायला लावलं. उंदीर पडला. दुसरा ठेवला, तोही पडला. अर्कानं काही विशेष साधलं नव्हतं, उंदरांना गुंगी आणली होती एवढंच. त्या दिवसापासून 'हालचाल कमी झाली' हे वाक्य वाचलं की मी आधी बघते की औषध एकटं दिलं तेव्हा काय झालं. ओईएच्या त्या प्रयोगात ओईए एकटं दिल्यावरही उंदरांची नेहमीची हालचाल कमी झाली होती. लेखकांनी हे लपवलेलं नाही, निष्कर्षातच लिहिलंय. बातमीत मात्र ते गळालं.

त्याच कामातली दुसरी गोष्ट मला जास्त रोचक वाटते. पीपीएआर-आल्फा हे कुलूपच नसलेले उंदीर त्यांनी घेतले. ओईए याच कुलपातून काम करत असेल तर या उंदरांवर त्याचा परिणाम दिसायला नको. पण दिसला, जोर कमी होता एवढंच. वर कुलूप नसलेले हे उंदीर कोकेनकडे इतरांसारखेच ओढले जात होते. म्हणजे किल्ली काम करते, पण आपण समजत होतो त्या दारातून नाही. मग कुठल्या? लेखकांनी तो प्रश्न उघडाच ठेवला.

आता ओढ कशी मोजतात, कारण सगळी मेख तिथे आहे. धावपळ मोजणं ही सर्वांत सोपी रीत आणि ओढीपासून सर्वांत लांबची. दुसरी रीत जागेची: दोन खणांची पेटी, एकाच्या भिंतीवर पट्टे, दुसऱ्याच्या चौकडी. पट्ट्यांच्या खणात उंदराला काही दिवस कोकेन देतात, चौकडीच्या खणात नुसतं मिठाचं पाणी. मग काहीच न देता मधलं दार उघडतात. उंदीर पट्ट्यांकडे जाऊन बसला तर त्याला ती जागा लागली. हाच तो भोंपू. तिसरी रीत खरी कसोटीची: उंदराच्या शिरेत बारीक नळी बसवतात आणि कळ दाबली की कोकेन मिळतं. तो स्वतः किती वेळा दाबतो, किती कष्ट करतो, आणि कोकेन बंद करून दाबणं विसरल्यावर पुन्हा दिवा लावला की परत दाबायला लागतो का, हे बघतात.

पीईएवर मालागाच्याच संशोधकांचा २०१८ चा शोधनिबंध आहे. त्यात पीईएनं उंदरांचं ते तापत जाणं आणि जागेची ओढ दोन्ही सौम्य झालं. ओईएपेक्षा हा पुरावा तुमच्या प्रश्नाच्या एक पायरी जवळ आहे, कारण इथे नुसती धावपळ नाही, जागेची शिकवणही ढिली झाली. पण कळ दाबणारा उंदीर इथेही नाही.

तो उंदीर आहे पहिल्या घराण्याच्या प्रयोगांत, आणि तिथे चित्र उलटं होतं. गांजाचा कुटुंबीय आहे म्हणजे 'शांत करणारा' असेल असं आपल्याला वाटतं. पण कोकेन दिल्यावर मेंदूच्या तळाकडच्या व्हीटीए या भागात, जिथे डोपामाइनच्या पेशी आहेत, २-एजी वाढतं. ते 'जरा हळू'चा निरोप देतं खरं, पण तो जातो डोपामाइनच्या पेशींना आवरून धरणाऱ्या पेशींना. पहारेकऱ्यालाच झोपवलं तर वाडा उघडाच पडणार. म्हणजे कोकेन आपल्याच स्निग्ध रेणूला हाताशी धरून स्वतःची वाट मोकळी करून घेतं. तेव्हा 'नैसर्गिक स्निग्ध रेणू व्यसन कमी करतात' असं सरसकट वाक्य मुळातच चुकीचं. एक अडवतो, दुसरा ढकलतो, आणि आनंदामाइड कुठल्या भागात वाढतं त्यावर त्याची बाजू ठरते.

२००१ मध्ये डच संशोधकांनी हे धागे कळ दाबणाऱ्या उंदरांत तपासले. सीबी-१ कुलूप बंद करणारं रिमोनाबांट दिलं, तर कोकेन विसरलेले उंदीर दिव्याच्या खुणेनं किंवा कोकेनच्या एका मात्रेनं परत कळीकडे जाण्याचं प्रमाण घटलं. ताणामुळे परत जाणारे मात्र गेलेच. आणि कुलूप जोरानं उघडणारं कृत्रिम औषध दिल्यावर विसरलेले उंदीरही परत कळ दाबू लागले. प्रयोग म्हणून देखणा. पण रिमोनाबांटचं पुढे काय झालं ते ऐका. २००६ मध्ये युरोपात ते वजन कमी करण्यासाठी बाजारात आलं, घेणाऱ्यांना नैराश्य येऊ लागलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले, आणि दोन-अडीच वर्षांत ते गुंडाळावं लागलं. आपल्याकडेही नंतर त्यावर बंदी आली. ज्या कुलपाची घरची किल्ली 'आनंद' नावाची, ते माणसात बंद करून ठेवलं तर काय होईल हे उंदीर सांगू शकला नाही. त्याला विचारायची सोयच नव्हती.

उंदरांविषयी अजून एक, मग पुरे. २००७ मध्ये फ्रान्समधल्या एका गटानं उंदरांपुढे दोन कळी ठेवल्या: एकीतून शिरेत कोकेन, दुसरीतून सॅकरिनचं गोड पाणी. शंभरातल्या ९४ उंदरांनी गोड पाणी निवडलं. हा निकाल माझा आवडता आहे, कारण दोन्ही बाजूंच्या अतिशयोक्तीला तो चाप लावतो. पिंजऱ्यात दुसरं काहीच नसतं म्हणूनही उंदीर कोकेन घेतो. तेव्हा त्या रिकाम्या पिंजऱ्यात एखाद्या रेणूनं कळ दाबणं कमी केलं तरी शॅकच्या मागल्या दारी, मित्रांच्या घोळक्यात तो काय करील हे त्यातून निघत नाही.

ऑलिव्ह तेलाचं पटकन सांगते. ओईए ओलिक आम्लापासून बनतं हे खरं. ऑलिव्ह तेलात ते भरपूर असतं, शेंगदाणा तेलातही निम्म्याच्या आसपास, आपल्या खोबरेल तेलात अगदीच कमी. पण जेवणातून बनणारं ओईए आतड्याच्या भिंतीत बनतं, तिथेच काम करतं आणि तिथेच तुटतं. प्रयोगात ते थेट पोटाच्या पोकळीत टोचलेलं होतं, जेवणातून कधीच येणार नाही एवढ्या मात्रेत. माशाच्या हुमणात तेल बदलून व्यसन सुटणार नाही. पीईएच्या कॅप्सुली काही देशांत दुखण्यासाठी पूरक म्हणून विकतात. कोकेनसाठी त्यांचा माणसांवर सिद्ध झालेला उपयोग नाही. पैसे वाया जातील त्याचं मला एवढं वाटत नाही. 'औषध सुरू आहे' या समाधानात तीन महिने जातील, त्याचं वाटतं.

कोकेनच्या व्यसनावर आजही मान्यताप्राप्त गोळी नाही. चांगला पुरावा आहे तो समुपदेशनाचा, आणि त्यातही लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस देण्याच्या पद्धतीचा. बघा, पुन्हा तेच गोड पाणी. भाऊ कोकेनबरोबर दारूही घेत असेल, आणि शॅकवर ती असतेच, तर हे आजच सांगा: दोन्ही एकत्र गेलं की यकृतात कोकाएथिलीन तयार होतं आणि ते हृदयाला नुसत्या कोकेनपेक्षा जास्त घातक. छातीत दुखलं तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून घरी बसू नका, आणि डॉक्टरांना खरं काय घेतलंय ते सांगा.

बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत व्यसनाचे उपचार होतात, आणि आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. पोलिसांची भीती असेल, तुमच्या शेवटच्या ओळीवरून तरी तसं वाटलं, तर अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ वकिलाकडून समजून घ्या. सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारी ती तरतूद आहे.

एक मात्र कळवा: भाऊ स्वतः यायला तयार आहे का, की अजून तुम्ही एकटेच त्याच्यासाठी वाचताय? पुढे काय करायचं ते त्यावर ठरेल.