२६ व्या वर्षी एका हातात रक्त कमी जातंय, नाडी लागत नाही, हे कशामुळे?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचा डावा हात केस विंचरता विंचरताच भरून येतो, खाली घेतला की जरा वेळात बरं वाटतं, आणि डॉक्टरांना त्या मनगटावर नाडीच लागली नाही. सिगारेट नाही, शुगर नाही, मग धमनीला सूज असेल का? असू शकते. मला तेच आहे, टाकायासू आर्टरायटिस, नऊ वर्षं झाली.

हाताला रक्त कमी पडायचं नेहमीचं कारण म्हणजे धमनीत चरबी साठणं, पण ते सहसा उतारवयात. टाकायासू फार दुर्मिळ आहे आणि जास्त करून चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो. आपलीच प्रतिकारशक्ती महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांवर उलटते, भिंत सुजून जाड होते, आतली वाट अरुंद होते. कॉलरबोनखालून हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी यात बरेचदा सापडते. नाव जपानच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं, १९०८ मध्ये त्यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्या दाखवल्या, आणि तसेच डोळे असलेल्या रुग्णांच्या मनगटाला नाडी नाही हे तेव्हाच दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

माझं दीड वर्ष मानेच्या मणक्याचं दुखणं म्हणून गेलं, बारीक ताप, वजन उतरणं, थकवा हे सगळं अशक्तपणाच्या खात्यात. मग एका डॉक्टरांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं, उजव्यात वरचा आकडा १२८ आणि डाव्यात ८४, तिथून सीटी अँजिओ (धमन्यांचा स्कॅन) आणि रूमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांचे आणि प्रतिकारशक्ती उलटून होणाऱ्या आजारांचे डॉक्टर.

म्हणून आधी दोन्ही हातांचं बीपी घ्यायला सांगा, आणि पायाचंही. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील तर हाताचं बीपी खोटं कमी दिसतं, खरं वाढलेलं बीपी कळतच नाही आणि हार्ट, किडनीवर ताण येत राहतो. ईएसआर, सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल आल्या म्हणून विषय सोडू नका, सूज असूनही त्या नॉर्मल येऊ शकतात.

निदान झालं तर स्टिरॉइड आणि बरोबर मेथोट्रेक्सेटसारखं प्रतिकारशक्ती आवरणारं औषध देतात. चेहरा सुजला म्हणून मी रडलेय, पण स्टिरॉइड मनाने एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतात. स्टेंट किंवा बायपास गरज असली तर सूज शांत झाल्यावर, शक्यतो घाई नाही.

हात अचानक गार, पांढरा, बधिर पडला किंवा बोलणं अडखळलं, नजर अंधारली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या. बीपीचे आकडे आले की इथे टाका, मी बघते.