पेशंटसमोर हात थरथरतात, मी या कामाला लायक नाही का?

"मॅडम, पेशंट खुर्चीत बसला की माझे हात थरथरायला लागतात. मी ही लाइन सोडून देऊ का?"

नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न वारंवार कानावर येतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. नर्सिंग, लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपी, दातांचे अभ्यासक्रम अशा सगळ्या शाखांची मुलं शहरात शिकतात. वर्गात बसून शिकतात तोवर बरं चाललेलं असतं. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवरचं काम, सुरू झालं की त्यांतली काही जण माझ्याकडे येतात. त्यांना वाटतं, हे फक्त आपल्यालाच होतं. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. डेंटल हायजिनिस्टचा, म्हणजे पेशंटचे दात साफ करण्याच्या कामाचा, दोन वर्षांचा डिप्लोमा करत होती. मावशीकडे पंचवटीत राहायची. मावशीच तिला घेऊन आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, हिला समजवा. वर्षाची फी भरून झालीय आणि ही म्हणते कोर्स सोडायचा." मुलगी खाली बघून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मावशीला मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

झालं होतं असं. एक बाजारात भाजी विकणाऱ्या आजी दात साफ करून घ्यायला आल्या होत्या. कित्येक वर्षांची मिश्री लावायची सवय, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटणाचा जाड थर. तिथे कीटण जास्त साठतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. हिरड्या सुजलेल्या, हात लागला की रक्त. ही मुलगी स्केलर, म्हणजे कीटण काढायचं हत्यार, घेऊन काम करत राहिली, थराचा एक मोठा तुकडा निघाला, आजींनी जीभ फिरवून बघितली आणि ओरडल्या, "अगं बाई, दात हलवलास माझा!" सोबतचा मुलगा आत आला. "शिकाऊ पोरीच्या हातात कशाला दिलं आमच्या आईला?" हे त्याने सगळ्यांसमोर विचारलं.

शिकवणाऱ्या मॅडमनी तपासलं. दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं होतं आणि दात आधीपासूनच सैल होता. कीटणाने शेजारचे दात एकमेकांना जखडून ठेवले होते म्हणून तो हलताना जाणवत नव्हता. मॅडमनी हे मुलाला नीट समजावलं, आजी शांत झाल्या, विषय तिथे मिटला. मुलीच्या मनात मात्र तो मिटला नाही.

त्यानंतर तिने काय काय केलं ते मी तिला एकेक करून विचारलं, कारण अशा वेळी खरी माहिती तिथेच मिळते. जास्त कीटण असलेला पेशंट आला की ती मैत्रिणीशी अदलाबदल करायची. पोस्टिंगच्या दिवशी सकाळी पोटात गोळा यायचा म्हणून काही खायची नाही, नुसता चहा घ्यायची, तोही दोनदा. पेशंटशी बोलणं टाळायची, बोलायला गेलं की आवाज कापतो म्हणून. मॅडम जवळ आल्या की हात थांबवून काहीतरी पुसत बसायची. आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर दात साफ करण्याचे व्हिडिओ बघायची.

यातली प्रत्येक गोष्ट तिला त्या क्षणी सोडवत होती आणि दुसऱ्या दिवशीची भीती वाढवत होती. पेशंट बदलून घेतला की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, पण "मला जमलं असतं" हे कळायची संधी हातची जाते. उपाशी पोटी दोन चहा घेतले तर निवांत माणसाचाही हात थरथरेल.

मी तिला म्हटलं, तू काम कसं करतेस ते मला दाखव. टेबलावर स्टीलचा पेला होता. तिने पेन्सिल स्केलरसारखी धरली, अनामिकेचं टोक पेल्याच्या काठावर टेकवलं आणि पेन्सिल आतल्या बाजूने फिरवायला लागली. अगदी स्थिर हात. दातांवर काम करताना हा बोटाचा टेकू शेजारच्या दातावर घ्यायचा असतो, हे तिनेच मला शिकवलं. मग मी म्हटलं, तसंच करत राहा आणि त्या आजींच्या दिवशी काय झालं ते परत सांग. मुलगा आत आला, या वाक्यापर्यंत ती पोचली आणि तिचं बोट काठावरून उचललं गेलं. पेन्सिलीचं टोक थरथरायला लागलं. मी नुसतं बोटाकडे दाखवलं. तिने बघितलं, बोट पुन्हा टेकवलं, थरथर बरीच कमी झाली. ती मला म्हणाली, "म्हणजे क्लिनिकमध्येही माझं बोट उचललं जात असणार."

भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, छातीत धडधडतं, स्नायू ताठ होतात आणि बारीक थरथर सुरू होते. प्रत्येकाच्या हाताला अगदी सूक्ष्म कंप असतोच, घाबरल्यावर तो डोळ्यांना दिसण्याइतका वाढतो. तेवढ्यावरून हात अडाणी ठरत नाही. त्यात लक्ष पेशंटच्या दातावरून स्वतःच्या बोटांवर गेलं की काम आणखी अवघड होतं. घाबरलेला माणूस हत्यार दाबूनही धरतो. तिच्या मॅडम तिला तेच सांगत होत्या: अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक सेकंदाला हजारो वेळा हलतं, त्याला दाबायची गरज नसते, दाबलं तर काम कमी होतं आणि दुखतं जास्त.

मग तिच्या विचारांकडे वळलो. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. घटना आणि आपला त्रास यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते, ती शोधायची. हिची समजूत सापडायला वेळ लागला नाही. "पेशंटला जरासुद्धा दुखता कामा नये. दुखलं तर मी नालायक." मी तिला विचारलं, सुजलेल्या हिरडीला हात लावल्यावर अजिबात दुखू नये, रक्त येऊ नये, हे तुझ्या मॅडमना जमतं का? ती थोडी हसली. नाही जमत. मग तिने स्वतःच्या शब्दांत नवं वाक्य लिहून काढलं: "दुखू नये म्हणून मला येतं ते सगळं मी करीन. दुखलं तर थांबेन, पेशंटला विचारेन, मॅडमना बोलावेन." हे वाक्य मला फार आवडलं, कारण त्यात पेशंटची काळजी तशीच राहिली आहे. काळजी सोडून बेफिकीर व्हायला मी तिला कधीच सांगितलं नसतं. पेशंटच्या दुखण्याने जिला काहीच होत नाही, तिच्या हाती हत्यार देताना मला जास्त धास्ती वाटेल.

यानंतर सर्वांत जास्त वेळ आम्ही एकाच गोष्टीवर दिला: पेशंटशी काय बोलायचं. 1948 च्या दंतचिकित्सक कायद्यात डेंटल हायजिनिस्टची व्याख्या आहे. त्यात दात साफ करणं, पॉलिश करणं यांच्या जोडीला दातांची निगा कशी राखायची ते लोकांना शिकवणंही धरलं आहे. म्हणजे बोलणं हा कामाचाच भाग. ती मात्र नेमकं तेच टाळत होती.

आम्ही माझ्या खोलीत सराव केला. मी पेशंट, ती विद्यार्थिनी. "काकू, मी विद्यार्थिनी आहे. मी केलेलं काम मॅडम तपासतात. मध्ये कधीही थांबवावंसं वाटलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन." डावा अशासाठी की ती उजव्या बाजूला बसून काम करते, पेशंटचा उजवा हात एकदम उठला तर हत्याराला धक्का लागायचा. पुढे: "तुमच्या हिरड्या सुजल्यात म्हणून रक्त येईल. कीटण निघालं की दातांमध्ये फट वाटेल, काही दिवस गार पाणी झोंबेल. एखादा दात आधीच सैल असेल तर तो आता हलताना जाणवेल." दात साफ केले की दात हलतात, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. हीच माहिती काम सुरू करण्याआधी दिली तर पेशंट ती ऐकून घेतो. काम झाल्यावर दिली तर त्याला ती सारवासारव वाटते. आजींच्या वेळी हे आधी बोलायचं कुणी तिला शिकवलंच नव्हतं.

बाकीचं काम पायरी-पायरीने झालं. आधी दातांच्या मॉडेलवर, बोटाचा टेकू न हलवता. मग मैत्रिणीचे दात. मग थोडंच कीटण असलेला पेशंट, मॅडम शेजारी उभ्या. मग मॅडम लांब. आणि शेवटी जाड थराचे खालचे पुढचे दात, ज्यांना ती सर्वांत जास्त घाबरत होती. अट एकच, अदलाबदल करायची नाही. सकाळी पोळी-भाजी खाऊन जायचं. पेशंट बसण्याआधी श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. भीती पूर्ण गेल्यावर सुरुवात करू, असं ठरवायचं नाही, तशी वाट बघत बसलं तर ती जात नाही. मधेच एका आठवड्यात ती दोन पायऱ्या खाली आली, पुन्हा मॉडेलवर गेली. तेही चालतं.

एकदा चिडून आली. एका पेशंटने तिला बघताच "आम्हाला मोठ्या डॉक्टरांकडूनच करून घ्यायचंय" असं सांगितलं होतं. मी म्हटलं, तो त्याचा हक्क आहे, आणि त्याने तुझं काम अजून बघितलेलंही नाही, मग नापसंती कशाची? तिने "चालेल काका, मी मॅडमना बोलावते" एवढंच म्हणायचं ठरवलं. असं सहज म्हणता यायला तिला बराच काळ लागला.

मावशीशी मी वेगळं बोलले. "त्यात घाबरायचं काय?" हे वाक्य घरातून बंद करायला सांगितलं. त्याने मुलगी धीट होत नाही, सांगायची बंद होते. संध्याकाळी "आज काय शिकलीस?" एवढं विचारलं तरी पुरे.

हात थरथरणारं प्रत्येक मूल याच वाटेने जातं असं नाही. काहींना रक्त दिसलं की घेरी येते. त्यांच्यात रक्तदाब एकदम खाली येतो, म्हणून अंग सैल सोडण्याचे उपाय त्यांना उलटे पडतात. त्यांना हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळायचे, मग सोडायचे, थोड्या वेळाने पुन्हा आवळायचे, असं शिकवतात. ही पद्धत स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी रूढ केली. एखाद्याचा हात घरी निवांत असतानाही कापत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड तपासून घ्या, दम्याच्या काही औषधांनीही असं होतं. आणि झोप-भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं मूल बोलत असेल, तर पोस्टिंग, परीक्षा सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मोफत आहे.

राहिला कोर्स सोडण्याचा प्रश्न. भीती ऐन भरात असताना तो निर्णय घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं असतं. ही मुलगी राहिली. आता शेवटच्या वर्षाला आहे, पेशंट बसताना अजूनही तिची धडधड वाढते आणि लहान मुलांच्या वेळी ती मॅडमना शेजारी थांबायला सांगते. याच सुमारास एक मुलगा यायचा, दुसऱ्या शाखेतला. त्याची भीती तिच्यापेक्षा लवकर उतरली. उतरल्यावर शांतपणे म्हणाला, "मॅडम, आता हात कापत नाही, पण हे काम मला आवडतच नाही." आम्ही त्याच्या वडिलांना बोलावलं. ते सिन्नरहून आले, सगळं ऐकून घेतलं, फीच्या पैशांवरून थोडे बोललेही. मुलाने आता वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला आहे.