शुगरची गोळी चालू असलेले अण्णा सोलापूरच्या गड्डा यात्रेत फिरताना जेवण लांबलं तसं असंबद्ध बोलायला लागले, मेंदूला साखर कमी पडली का?

हो, बहुतेक तेच झालं असणार, कारण मेंदूच्या पेशी साखरेचा साठा जवळजवळ ठेवतच नाहीत, रक्तातून येईल तशी वापरतात. मी सोलापुरातच नर्सिंगच्या मुलींना फिजिओलॉजी शिकवते, त्यात हे येतं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण एनर्जी खातो जवळपास २० टक्के आणि त्यातला मोठा वाटा सिग्नल गेल्यावर पेशीत शिरलेलं सोडियम परत बाहेर फेकणाऱ्या पेशीच्याच पंपावर जातो. म्हणून साखर घसरली की बोलणं-वागणं लगेच बदलतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर हे जास्त होतं, नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा नाही, तेव्हा गोळीचं नाव बघा आणि डॉक्टरांना हा प्रकार नक्की सांगा.

परत झालं तर:
- ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यात द्या, कडक भाकरी-शेंगाचटणीनं इतक्या लवकर साखर चढत नाही
- १५ मिनिटांनी परत तपासा, मग जेवण
- शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना

फक्त एक, साखर नॉर्मल दिसली किंवा तोंड वाकडं, हात लुळा वाटला तर तो स्ट्रोक असू शकतो, तिथं साखर देत बसू नका ओ, लगेच हॉस्पिटल गाठा.