खेळ कुठला आणू, मॅडम?

"मॅडम, प्रश्न साधाच आहे. मुलांसाठी बोर्ड गेम कुठला आणू?"

हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला येणाऱ्या त्या काही पहिल्या बाई नव्हेत. मुलं सहा-सात वर्षांची असतात तोवर तो कुणाला पडत नाही. सापशिडी मांडली की पोरं उड्या मारत येतात. तीच बारा-तेराची झाली की जेवणाची ताटं उचलली जायच्या आत ज्याचा तो आपापल्या कोपऱ्यात गेलेला असतो. मग आई नाहीतर बाबा मोठ्ठा खोका घेऊन येतात, एक रविवार बरा जातो, दुसऱ्या रविवारी भांडण होतं आणि तिसऱ्या रविवारपासून खोका कपाटावर. (या घराची ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत. खेळताना जे घडलं ते जवळपास तसंच ठेवलंय.)

घरात चौघं. मुलगा सोळाचा, मुलीला नुकतीच बारा पूर्ण झालेली. "मुलगा माझ्याशी हं-हूंच्या पलीकडे बोलत नाही, आणि ह्यांच्याशी तेवढंही नाही," असं म्हणून त्यांनी रुमाल काढला. पण रडल्या नाहीत, नुसता घडी करत राहिल्या. खेळ आणून झाला होता, खोट्या नोटांनी जागा विकत घ्यायचा मोनोपोली. "मुलांना आता खेळायची आवडच राहिली नाही," हा त्यांनी काढलेला निष्कर्ष.

मी म्हटलं, ती संध्याकाळ मला पहिल्यापासून सांगा. खोका कुणी उघडला, नियम कुणी वाचले, आधी कोण उठलं.

खोका बाबांनी उघडला. त्याआधी "चला, फोन टोपलीत टाका" असा हुकूम निघाला होता, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आतच शिक्षा झाली होती. नियम कुणीच वाचले नाहीत, बाबांना येत होते. बँकही बाबांकडेच. पाऊण तासात मुलीचं दिवाळं निघालं, ती खेळातून बाद. पुढचा दीड तास ती तिथंच बसून छोटी छोटी हिरवी घरं एकावर एक रचत होती, कारण "सगळे एकत्र बसलोय" म्हणून तिला उठू दिलं नव्हतं. मुलानं एक जागा स्वस्तात देऊन टाकली. त्यावर बाबा म्हणाले, "असा व्यवहार करशील तर पुढे जगात कसं व्हायचं तुझं?" मुलानं हातातल्या नोटा पटावर ठेवल्या आणि तो उठला. आरडाओरडा नाही, काही नाही.

मला यात खेळाची नावड कुठं दिसेना. दीड तास बिनकामाची बसवून ठेवलेली मुलगी दिसत होती. आणि आठवडाभर ऐकतो तेच रविवारी संध्याकाळी पुन्हा ऐकावं लागलेला मुलगा.

या खेळाबद्दल जरा आडवाटेनं सांगते. त्याचं मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या 'द लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे. १९०४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट त्यांना मिळालं. जमिनीची मालकी मोजक्या हातांत गेली की बाकीच्यांचे हाल कसे होतात, हे लोकांना खेळता खेळता कळावं हा त्यांचा हेतू. तेव्हा एकजण गब्बर आणि बाकीचे कंगाल होऊन उठले, तर खेळानं आपलं काम चोख केलं म्हणायचं! त्यात बहुतेक घरांत तो मूळ नियमांनी खेळलाच जात नाही. एखाद्यानं जागा विकत घेतली नाही तर तिचा तिथल्या तिथं लिलाव करायचा, असा नियम आहे; तो कुणाला ठाऊक नसतो. उलट दंडाचे पैसे पटाच्या मध्यात साठवायचे आणि 'फ्री पार्किंग'च्या चौकटीवर येईल त्याला द्यायचे, हा नियम पुस्तिकेत नाही, तरी घरोघरी पाळतात. पैसा पुन्हा खेळात येत राहतो आणि संपायला आलेला डाव आणखी तासभर लांबतो. खेळ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण अबोला धरलेल्या घरानं सुरुवात त्यानं करू नये.

मग मी एक खेळ सुचवला आणि चुकले.

मी म्हटलं, एकमेकांविरुद्ध खेळूच नका, सगळे मिळून पटाविरुद्ध खेळा. पँडेमिक आणा. २००८ साली आलेला मॅट लीकॉक यांचा हा खेळ. जगाच्या नकाशावर चार रोग पसरत जातात आणि दोन ते चार खेळाडूंनी मिळून त्यांवर इलाज शोधायचे. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. कागदावर माझा सल्ला अगदी चोख होता.

पुढच्या वेळी बाबाही आले. सरळ माणूस, थोडा दुखावलेला. "आम्ही जिंकलो की मॅडम! तरी पोरं नाराज. मी काय चुकीचं सांगत होतो?" मुलीला मी वेगळं भेटले तेव्हा तिनं एका वाक्यात निकाल लावला: "बाबा जिंकले. आम्ही त्यांच्या सोंगट्या हलवल्या."

सगळ्यांचे पत्ते उघडे, सगळी माहिती सगळ्यांसमोर असली की ज्याचं डोकं भराभर चालतं, किंवा ज्याचा आवाज मोठा, तो बाकीच्यांच्या चाली ठरवायला लागतो. मिळून खेळायच्या खेळांमधली ही नेहमीची अडचण आहे आणि ती मला आधी दिसायला हवी होती. पहिल्या संध्याकाळची हकिगत ऐकूनही मी कप्तानगिरी करणाऱ्या माणसाच्या हाती जहाज दिलं होतं. बाबांना मी हे सांगितलं. ते हसले, तोवर ते माझ्यासमोर हसले नव्हते.

या वेळी अटी मी घातल्या, खेळ मुलांनी निवडायचा. डाव अर्ध्या तासात संपला पाहिजे. मध्येच कुणी बाद होता कामा नये. नियम वाचून समजावण्याचं काम मुलाचं. बाबांनी नियमांच्या पुस्तिकेला हात लावायचा नाही. मोठ्या मुलाच्या बाबतीत ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. सोळा वर्षांच्या मुलाला घरात काय येतं यापेक्षा काय येत नाही हेच दिवसभर सांगितलं जातं. एखादी गोष्ट त्याला येते आणि आपल्याला येत नाही, असा अर्धा तास त्याला मिळू द्या. मात्र तो चुकीचा नियम सांगत असेल तरी पहिल्या डावात गप्प बसायचं. हे आई-बापांना फार जड जातं.

मी तीन-चार नावं दिली होती. त्यांतून मुलानं हानाबी निवडला, "नियम विचित्र आहेत" म्हणून. आंतवान बोझा या फ्रेंच माणसानं केलेला, २०१० साली आलेला पत्त्यांचा छोटासा खेळ. पत्ते पन्नास, रंग पाच. प्रत्येक रंगात एक ते पाच आकडे चढत्या क्रमानं लावून आतषबाजी पूर्ण करायची. गंमत अशी की आपले पत्ते उलटे धरायचे, चेहरा समोरच्यांकडे. सगळ्यांना आपले पत्ते दिसतात, फक्त आपल्याला नाही. दुसऱ्याला सूचना द्यायची तीही रंग किंवा आकडा एवढीच, आणि सगळ्यांच्यात मिळून सूचनांच्या चकत्या आठ. एक दिली की एक कमी. पत्ता टाकून दिला तर एक परत मिळते.

तो डाव बाबांच्याच तोंडून ऐकला. मुलीनं त्यांच्या हातातल्या दोन पत्त्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे दोन, तीन आकड्याचे." बस्स. रंग सांगितला नाही. पटावर पांढऱ्याला तिर्री हवी होती, बाकी कुठल्याच रंगाला नको होती. दोनातला पांढरा कुठला? "मी तिच्या तोंडाकडे बघतोय, काही कळतंय का म्हणून. पोरगी ढिम्म! ह्याच्याकडे बघितलं तर हा छताकडे बघतोय." तीन चुकांत खेळ खलास होतो आणि दोन आधीच झाल्या होत्या. त्यांनी डावीकडचा लावला. पांढरा निघाला. सांगताना त्यांचा हात अजून पत्ते धरल्यासारखा वर होता.

आमच्या खोलीत तीन तास बोलून मला जे जमलं नव्हतं ते इथं झालं. बाबांना दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहावं लागलं, तेही बारा वर्षांच्या मुलीच्या. त्या रात्री पंचवीसपैकी चौदा गुण झाले. "चौदा म्हणजे काहीच नाही," असं मुलगा म्हणाला आणि दुसरा डाव त्यानंच वाटला.

सगळं लगेच सुरळीत झालं, असं नाही. मधल्या एका रविवारी मुलाच्या मित्राकडून कतान आणला. १९९५चा, क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाचा, बेटावर वस्त्या वसवायचा आणि मालाची अदलाबदल करायचा खेळ. दुसऱ्याची पाळी चालू असतानाही आपल्याला सौदे करता येतात, त्यामुळे हात बांधून बसावं लागत नाही. मुलगा त्यात रमला. दोन फाशांवर सहा आणि आठ हे आकडे छत्तीसपैकी प्रत्येकी पाच प्रकारांनी पडतात, म्हणून ते लाल रंगात छापलेले असतात, हे त्यानं बाबांना समजावलं. पण माल अडवणारी लुटारूची सोंगटी सगळे सारखे मुलीच्याच वस्तीशेजारी ठेवत राहिले आणि ती चिडून झोपायला गेली. खोका मित्राकडे परत. मी म्हटलं, तिला उठून जाता आलं ना? पहिल्या वेळी तेही आलं नव्हतं.

आईंना सगळ्यात आवडला तो कोडनेम्स. व्लाडा ख्वाटिल यांचा हा खेळ २०१५ साली आला. पंचवीस शब्द पाच-पाचच्या ओळींत मांडायचे. दोन गट. प्रत्येक गटातल्या एकालाच ठाऊक असतं की आपले शब्द कुठले. तो एकच शब्द आणि एक आकडा सांगतो, आणि जोडीदारानं त्यावरून तितके शब्द ओळखायचे. एक शब्द घातकी असतो. त्याला हात लागला की डाव तिथंच गेला. छापील शब्द परक्या भाषेतले असले तर आईंसारख्या माणसाला उगाच परीक्षा दिल्यासारखं वाटतं. म्हणून मी सांगितलं, चिठ्ठ्या घरीच करा. मुलीनं जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर आपल्या भाषेतले शब्द लिहिले, कुणाचा शब्द कुठला हे ठरवणारे चौकटींचे तक्ते मुलानं काढले. दोन्ही मुलं सांगणारी, आई-बाबा ओळखणारे. आई मुलीकडे, बाबा मुलाकडे.

मुलगा बराच वेळ चिठ्ठ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पंक्चर, तीन."

बाबांनी पहिल्या झटक्यात 'पाऊस'वर बोट ठेवलं. बरोबर. मग 'कुत्रा'. बरोबर. मग थोडे थांबले आणि 'शिट्टी'.

"शिट्टीचा काय संबंध?" आईंनी विचारलं. तेव्हा कळलं की मुलगा नऊ वर्षांचा असताना एकदा रात्री गाडी पंक्चर झाली, दोघं पावसात गाडी ढकलत आले, वाटेत एक कुत्रं मागे लागलं आणि पोरगं घाबरू नये म्हणून बाबा घरापर्यंत शिट्टी वाजवत होते. आई म्हणाल्या, "सात वर्षांत मला दोघांपैकी कुणी सांगितलं नाही हो हे."

त्यांच्यासारखं बरेचजण मला सरळ यादीच मागतात. यादीपेक्षा खोक्यावर काय बघायचं ते सांगते. लिहिलेलं वय म्हणजे त्या वयाला नियम झेपतील एवढंच. त्या वयाला मजा येईल याची ती हमी नाही. खेळाडूंची संख्या बघताना चौघं असलात तरी तिघांत चालेल असाच घ्या, कारण दहावीचा अभ्यास, मित्र, डोकेदुखी यांपैकी काहीतरी एकाला असतंच. लिहिलेला वेळ पहिल्या डावापुरता दीडपट धरा. जर्मनीत १९७९ पासून 'श्पील देस यारेस' हा वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार दिला जातो. वर सांगितलेल्यांपैकी कतान, हानाबी आणि कोडनेम्स या तिघांना तो मिळालेला आहे. त्याची लाल सोंगटी खोक्यावर दिसली तर कुटुंबानं मिळून खेळायला घ्यायला हरकत नाही. निळी सोंगटी लहान मुलांच्या खेळाची. ती सोळा वर्षांच्या मुलासमोर ठेवू नका, अपमान समजेल. आणि खेळाचा धडा करू नका. गणित सुधारेल, व्यवहार कळेल वगैरे मनात ठेवा हवं तर, तोंडानं बोललात की संपलं.

शेवटच्या भेटीत आई पुन्हा काळजीत. या रविवारी मुलगा मित्रांकडे जाणार म्हणाला. "म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं व्हायला लागलं का?" मी विचारलं, तो नक्की काय म्हणाला? म्हणाला, "या रविवारी नाही, शनिवारी बसू." मी त्यांना तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हणायला लावलं.

तीनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाजात तीच जुनी घाई. "मॅडम, हानाबीचा पिवळा पाच हरवलाय. तो एकच असतो ना! मुलीनं पुठ्ठ्याचा करून दिला, पण तो पाठीमागून ओळखू येतो. ज्याच्या हातात आला त्याला लगेच कळतं. हे म्हणतात नवा खोका आणू, मुलगा म्हणतो पन्नासही पत्त्यांना कागदी वेष्टनं घालू, आणि दोन दिवस दोघांचा वाद चाललाय. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, हे माझ्या विषयातलं नाही हो, मुलालाच विचारा.

"त्यानंच तुम्हाला विचारायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. मागून मुलाचा आवाज आला, "स्पीकरवर टाक, स्पीकरवर टाक."