कोल्हापुरात हलगीचा गोंगाट सोडून ऐकण्यासारखं काय आहे?

तीन महिने कामासाठी कोल्हापुरात राहणार आहात, शास्त्रीय गाणं ऐकायची आवड आहे आणि 'हलगीचा गोंगाट सोडून' काय ऐकावं, असं तुम्ही विचारलंय. त्या 'गोंगाट' शब्दामुळं लिहायला बसलोय. माझे वडील, आबा, कुस्तीच्या मैदानात हलगी, म्हणजे काठीनं वाजवायचं डफासारखं चर्मवाद्य, वाजवायचे. मी तबला विशारद आहे आणि हलगीही वाजवतो.

आधी तुम्हाला हवंय ते सांगतो. देवल क्लब या इथल्या जुन्या संगीत संस्थेत कार्यक्रम होत असतात, त्यावर लक्ष ठेवा. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. 1922 ला महाराज गेले आणि पुढं खाँसाहेब मुंबईला गेले, पण त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथंच राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडूताई कुलकर्णी या भुर्जी खाँकडं शिकले. सुधीर फडके 1919 साली याच गावात जन्मले, त्यामुळं भावगीतांच्या कार्यक्रमांना तर इथं तोटाच नाही. हे तुम्हाला कुणीही सांगेल.

पण एक जागा स्वतः जाऊन बघा. खासबाग कुस्ती मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना खेटून आहेत. मैदान 1912 चं, नाट्यगृह 1915 चं, दोन्ही शाहू महाराजांनीच उभी केलेली. 8 ऑगस्ट 2024 ला, गायक नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, नाट्यगृह जळालं तेव्हा गावातली म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. इकडं नाट्यपदं आणि पलीकडं हलगी, असंच हे गाव वाढलं. महाराजांना दोन्ही एका आवारात चालत होतं.

आमच्या गुरुजींना चालत नव्हतं.

मी तेरा वर्षांचा होतो. मे महिना, दुपार. संध्याकाळी हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात यात्रेतल्या कुस्त्यांचं मैदान होतं आणि आबा मला तबल्याच्या क्लासमधून न्यायला आले होते. खांद्याला हलगी. गुरुजी दारातच म्हणाले, "ते आत नको. तिकडं चपलांजवळ ठेवा." आबा "व्हय जी" म्हणाले आणि पत्र्याच्या वळचणीला, चपलांच्या रांगेत हलगी ठेवून बाहेरच उभे राहिले. तास संपायला वीस मिनिटं होती. तेवढ्यात वळीव आला. पागोळ्या थेट हलगीवर. आबांनी ती उचलून छातीशी धरली, पण कातडं भिजायचं ते भिजलंच. टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, मारून बघितलं तर पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज.

गुरुजी सगळं बघत होते. आत या म्हणाले नाहीत.

कोपऱ्यावर चहाचा गाडा होता. आबांनी त्याला विचारून स्टोव्हच्या धगीवर हलगी धरली. जवळ धरली की बकऱ्याचं पातळ कातडं तडकतं, लांब धरली की ओल जात नाही. वीतभर अंतरावर, भाकरी शेकावी तशी ते ती फिरवत राहिले. अर्धा तास तरी गेला असेल. मधूनमधून नखानं टिचकी मारून कान लावायचे. शेवटी ठण्ण झालं. "आता बोलतीया," म्हणाले. दिवसभरात मला तेवढंच बोलले.

मैदानात उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक काडी, शेजारी साथीला घुमकं नावाचं ढोलकं आणि कैताळ म्हणजे झांजा. आबांची नजर सारखी पैलवानांच्या पायांवर. सलामीला वेगळी चाल, उभ्यानं झटापट करायच्या खडाखडीला संथ, कुणी पट काढला, म्हणजे पायाला धरून डाव टाकला, की ठेका एकदम दाट. शेवटच्या कुस्तीत एक पैलवान बराच वेळ खाली दबून होता, लोक कंटाळून उठायला लागले होते. आबांनी लय जवळजवळ थांबवली आणि मग एकेक पायरी चढवत नेली. तो पोरगा निसटला. त्याची ताकद होतीच, पण हलगी नसती तर तो निसटला नसता असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. क्लासात मी मात्रा मोजायला शिकत होतो. समोरच्याचा दम मोजून वाजवायचं असतं हे त्या मैदानात कळलं.

गुरुजी कायम म्हणायचे, हलगीनं तबल्याचा हात बिघडतो. त्यांचा आक्षेप हाताला नव्हता. हलगी कुणी वाजवायची हे गावानं जातीवर ठरवलं होतं आणि आक्षेप त्या जातीला होता. उघड बोलायची सोय नव्हती म्हणून हाताचं नाव पुढं केलं. विशारदच्या परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, लयीची समज कुणाकडून आली? मी गुरुजींचं नाव सांगितलं. आबा बाहेर बाकावर बसले होते. आज आबा नाहीत, आणि ते उत्तर मला अजून खुपतं.

एक मात्र खरं. मैदानाच्या दुसऱ्या दिवशी बोटं जड असतात, द्रुत लयीत कायदा, म्हणजे तबल्यातली बांधीव बोलरचना, स्वच्छ निघत नाही. परीक्षेच्या आठवड्यात मी हलगीला हात लावत नसे. गुरुजींचं बरोबर होतं ते एवढंच.

आणि गोंगाटही इथं आहे. गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती लावतात, तुमचा शब्द तिथं वापरा.

दिवाळी ते मे या काळात येणार असाल तर कुस्त्यांची मैदानं चालू असतील. हलगीवाल्यांच्या अगदी समोर बसू नका, कान दुखतील. बाजूला बसा, आणि अर्धा तास आधी जा, हलग्या तापवत असतात तेव्हा. चैत्रात असाल तर जोतिबाला सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच निशाणकाठ्या, नाचताना पिपाणी ऐका, दसऱ्यानंतर असाल तर पट्टणकोडोलीला धनगरी ढोल.

मुक्कामात कुणाकडं तबला शिकायचा विचार केलात, तर पहिल्याच दिवशी विचारा, हलगी आत आणलेली चालेल का? नको म्हणाले तर दुसरीकडं बघा.