पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर मोबाइल वापराबद्दल बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. सही येत नसेल तर अंगठा घ्यावाच लागतो का?

नाही, समजावून सांगून घेतलेला तोंडी होकार रेकॉर्ड केला तरी चालतो; फक्त ही पद्धत विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडून आधी मंजूर करून घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं निरक्षरांसाठी तटस्थ साक्षीदार सांगतात. ती मुळात आरोग्य संशोधनासाठी आहेत, पण साक्षीदार तुम्हीही ठेवा. तो सरपंच किंवा तुम्हाला पाड्यावर नेणारा माणूस नको, कारण त्याच्यादेखत बाईला नकार देणं जड जातं. वनहक्काचे दावे आणि कर्जाची कागदपत्रं पाहिलेल्या घरात अंगठा म्हटला की जमिनीची धास्ती बसते, आणि मग उत्तरं जपून येतात. तिथल्या कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीत चार गोष्टी सांगा:

- काय विचारणार, किती वेळ लागेल
- रेकॉर्डिंग कोण ऐकणार, कधी पुसणार
- मध्येच थांबता येतं
- नाही म्हटलं तरी कुठलीही योजना बंद होत नाही

खरी चूक पुढे, लिहिताना होते. नाव बदलून ‘पाड्यावरची आशा सेविका’ असं लिहिलं तरी ओळख उघड होतेच. तिथे आशा एकच असते, सगळे ओळखतात. पाड्याचं नाव गाळा, काम ढोबळ लिहा आणि नवऱ्याच्या फोनमधल्या मेसेजचे स्क्रीनशॉट छापू नका. मुलगी १८ च्या आतली असेल तर मात्र पालकांची संमती आणि तिचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.