गुन्हेगाराला शिक्षा देण्याचं तात्त्विक समर्थन काय? आणि शिक्षेवाचून भागेल का?

‘जरब, प्रतिफळ, सुधारणा, बंदिवास’ ही चार नावं कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. ती पाठ करून फारसं हाती लागत नाही, कारण ही सगळी एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. ब्रिटिश कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५९ मध्ये प्रश्न फोडून मांडला: शिक्षा ही व्यवस्था हवीच कशाला, ती द्यायची कोणाला आणि किती? एकाच तत्त्वाने तिन्ही सोडवायला गेलं की घोळ होतो.

कृतीचं मोजमाप तिच्या परिणामांवरून करणाऱ्या उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ बेंथॅमचं म्हणणं असं की शिक्षा हे मुळात दुःखच. त्याहून मोठं दुःख टळत असेल तरच ती द्यावी. पहिल्या प्रश्नाला हे उत्तम लागू पडतं, दुसऱ्यावर मात्र अडकतं. खुनी सापडत नाही, जमाव पेटलाय, आणि एका निरपराधाला फासावर चढवलं तर दंगल थांबते. हिशेब तर जुळतो! ‘लबाडी उघडकीस आली तर लोकांचा विश्वास उडेल’ हे नेहमीचं उत्तर पुरेसं नाही. मग त्या माणसाचा जीव वाचतो तो बिंग फुटायच्या भीतीने, तो निर्दोष आहे म्हणून नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या (१७९७) मते शिक्षा द्यायची ती गुन्हा केला म्हणूनच; हाच प्रतिफळवाद. तिथे निरपराध सुरक्षित राहतो, पण ‘किती’वर गाडी अडते. चोरीला दोन महिने आणि खुनाला दहा वर्षं, किंवा चोरीला दोन वर्षं आणि खुनाला जन्मठेप: दोन्हींत क्रम बरोबरच आहे. पट्टीची सुरुवात कुठून करायची, हे प्रतिफळवाद सांगत नाही.

इथे इटालियन विचारवंत बेकारिया (१७६४) कामाचा. धाक बसतो तो शिक्षेच्या खात्रीने. ती किती कडक आहे यावर फार काही ठरत नाही. आणि दरोड्याला खुनाइतकीच शिक्षा ठेवली, तर साक्षीदाराला जिवंत सोडण्यात दरोडेखोराचा काय फायदा?

शिक्षेच्या पर्यायांपैकी नुकसानभरपाई सोपी, पण श्रीमंताला ती फक्त किंमत वाटते. जास्त विचार करण्याजोगा आहे पुनर्स्थापक न्याय, म्हणजे गुन्हेगार आणि पीडित यांना समोरासमोर आणून झालेलं नुकसान भरून काढण्याची पद्धत. कॅनडातल्या किचनरमध्ये १९७४ साली तोडफोड करणाऱ्या दोन तरुणांना नुकसान झालेल्यांच्या दारी पाठवलं गेलं. न्यूझीलंडने १९८९ मध्ये अल्पवयीनांसाठी कुटुंब-बैठक कायद्यातच आणली. साधारण क्रम असा: आधी गुन्ह्याची कबुली, मग समन्वयक दोन्ही बाजूंना वेगवेगळा भेटतो, त्यानंतर समोरासमोर बैठक, शेवटी मुदतीसह लेखी करार आणि त्यावर देखरेख. ती वेगवेगळी भेट उरकून टाकली की बैठक हमखास फसते: पीडिताला माफीची घाई केली जाते, आरोपी घोकलेली दिलगिरी म्हणून मोकळा होतो. घरगुती हिंसेत तर धाक बैठकीतही सोबत येतो. शिवाय पूर्वी समज देऊन सोडलं असतं, अशी किरकोळ प्रकरणंही या जाळ्यात ओढली जातात.

आणि आरोपीने गुन्हा नाकारला किंवा करार मोडला, तर प्रकरण न्यायालयातच परततं. म्हणून माझ्या मते हे पर्याय ‘किती आणि कशी’ या प्रश्नाला तुरुंगापेक्षा बरेचदा चांगलं उत्तर देतात. ‘मुळात सक्ती का’ हा प्रश्न ते सोडवत नाहीत, कारण बैठकीला येणाऱ्याच्या पाठीशी ती सक्ती उभी असतेच.